‘१०वी’मधला ‘वी’ ओळ का फाडतो? मराठी मजकूर आणि तीन ब्राउझर

कोथरूडचा_कोडर

मंडळी, अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाची साइट करतोय. शाळा उघडायच्या आत ती चालू व्हायला हवी. डेटाबेस, पेमेंट, घरपोच वगैरे सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते ओळींवर.

पान अगदी साधं आहे. एका ओळीत इयत्ता, पुस्तकाचं नाव, ‘नवीन’ किंवा ‘संपत आलं’ अशी छोटी रंगीत पट्टी, किंमत आणि पिशवीचं चिन्ह. इयत्तेतला ‘वी’ ‘सुप’ टॅगने वर चढवलाय, कारण मालकांच्या छापील यादीत तसा असतो. माझ्या विंडोजवर क्रोममध्ये पान बरं दिसतं. मित्राच्या उबुंटूवर फायरफॉक्समध्ये उघडलं तर ‘१०वी’ असलेली प्रत्येक ओळ शेजारच्या ओळींपेक्षा उंच. मॅकवर सफारीत ‘पिशवीत टाका’ ही अक्षरं बटणाच्या वरच्या काठाला चिकटतात आणि त्यांचा आकारही बाकी मजकुराशी जुळत नाही. मालकांच्या आयफोनवर ‘सर्वांसाठी उपयुक्त’ या मथळ्यातल्या ‘र्वां’चा रफार आणि अनुस्वार दोन्ही छाटले जातात. मालकांनी मग आयफोनवरच क्रोम टाकून पाहिला. तिथेही तेच, म्हणून ‘क्रोममध्येही बिघडलंय’ असा फोन आला. शिवाय पट्ट्यांमध्ये न मागितलेली फट येते आणि पिशवीचं चिन्ह अक्षरांच्या मानाने खाली घसरलेलं दिसतं.

सध्या जावास्क्रिप्टने ब्राउझर ओळखून बॉडीला क्लास लावतोय. सफारीसाठी दोन पिक्सेल खाली, फायरफॉक्ससाठी एक पिक्सेल वर. एका ठिकाणी बसवलं की दुसऱ्या ठिकाणी उसवतं. यातून कोणी गेलंय का?

हिंजवडी_शटल

नॉर्मलाइझ सीएसएस (ब्राउझरांमधले फरक पुसणारी तयार स्टाइल-फाइल) टाका, ‘सुप’चं दुखणं तरी तिथेच मिटेल. बसमध्ये आहे, बाकीचं रात्री लिहितो.

फ्लेक्सताई

शटलराव म्हणतात ते ‘सुप’पुरतं खरं आहे, पण आधी तीन गोष्टी सांगा. फॉन्ट कोणता दिलाय? बॉडीला लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, दिली आहे का? आणि एचटीएमएल टॅगवर लँग, म्हणजे पानाची भाषा, काय आहे?

मालकांना आयफोनबद्दल एवढं सांगून टाका की तिथल्या क्रोमच्या आतही वेबकिटच असतं, म्हणजे सफारीचं इंजिन. ॲपलचा नियमच तसा होता. युरोपीय संघात २०२४ पासून त्यात सूट आहे, पण अप्पा बळवंत चौक काही युरोपात येत नाही. तेव्हा त्यांनी दोन ब्राउझर तपासले नाहीत, एकच दोनदा तपासला.

कोथरूडचा_कोडर

फॉन्ट वेगळा दिलेला नाही, नुसतं सॅन्स-सेरिफ. बॉडीला लाइन-हाइट नाही. मथळ्याला १.१ आहे आणि ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेर जाईल ते लपवायचं), डिझायनरच्या फाइलीत होतं तसंच घेतलं. लँग ‘ईएन’, टेम्प्लेटमधून आलेलं. वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबत उतरणारा फॉन्ट, मुद्दामच टाळला. पालक रस्त्यात उभं राहून मोबाइल डेटावर पान उघडणार, ते झटकन आलं पाहिजे अशी अट आहे.

फ्लेक्सताई

मग तुमच्याकडे तीन ब्राउझरचा प्रश्न नाहीच, तीन फॉन्टचा आहे.

नुसतं सॅन्स-सेरिफ लिहिलं की देवनागरी अक्षरं कुठून आणायची हे ज्याचं त्याचं यंत्र ठरवतं. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय, त्याआधी मंगल. मॅक आणि आयफोनवर बहुधा कोहिनूर देवनागरी. अँड्रॉइडवर नोटो, लिनक्सवरही पुष्कळदा तोच. यांची उंची वेगळी, मात्रांची जागा वेगळी, रुंदीही वेगळी. क्रोममध्ये एलिमेंट इन्स्पेक्ट करा, ‘कम्प्युटेड’ टॅबच्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ दिसेल. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरात ‘फॉन्ट्स’ हा वेगळा टॅबच आहे. तिन्ही यंत्रांवरची नावं इथे टाका, मग बोलू.

तोवर ते ब्राउझर ओळखणारं जावास्क्रिप्ट काढून ठेवा. विंडोजवरचा फायरफॉक्स आणि उबुंटूवरचा फायरफॉक्स यांना तुम्ही एकच क्लास लावताय, आणि फॉन्ट दोघांचे वेगळे आहेत. ते कधीच जुळणार नाही.

(प्रॉपर्टींची नावं मी देवनागरीत लिहितेय, कोडात अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

कोथरूडचा_कोडर

पाहिलं. माझ्याकडे देवनागरीला निर्मला यूआय आणि आकड्यांना एरियल. मॅकवर कोहिनूर आणि हेल्वेटिका. उबुंटूवर नोटो सॅन्स देवनागरी. मालकांचा आयफोन तपासता आला नाही, पण तिथेही कोहिनूरच असणार.

आणि ताई, क्रोममध्येही इन्स्पेक्टरात ओळींची उंची पाहिली. ‘१०वी’ची ओळ माझ्याकडेही उंच आहे, फक्त फरक थोडा असल्याने नजरेत भरत नव्हता.

जुना_खिळा

फॉन्टच्या कामातला माणूस आहे, म्हणून या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

लाइन-हाइट दिली नाही की तिचं मूल्य ‘नॉर्मल’ असतं. नॉर्मल हा काही ठरलेला आकडा नव्हे. तो फॉन्टच्या पोटातून येतो. फॉन्ट बनवणारा बेसलाइनच्या (अक्षरं ज्या रेषेवर उभी राहतात तिच्या) वर किती जागा (असेंट) आणि खाली किती (डिसेंट) हे लिहून ठेवतो. गंमत अशी की तो हे एकदा नाही, तीनदा लिहितो: ‘एचहेड’ तक्त्यात एक जोडी, ‘ओएस/२’ तक्त्यात ‘टायपो’ नावाची दुसरी, ‘विन’ नावाची तिसरी. मॅकवर एचहेडची जोडी वापरतात. विंडोजवर विनची, आणि फॉन्टमध्ये ‘यूज टायपो मेट्रिक्स’चं बटण चालू असेल तर टायपोची. बनवणाऱ्याने तिन्ही जोड्या जुळवल्या नसतील तर तोच फॉन्ट, तीच फाइल, तोच क्रोम असूनही मॅकवर आणि विंडोजवर ओळीची उंची निराळी येते. लोक ब्राउझरला शिव्या घालत बसतात आणि तो बिचारा फाइलीत लिहिलंय तेवढंच करत असतो.

देवनागरीत हे जास्त बोचतं, कारण आपल्या अक्षराला तिन्ही मजले लागतात. रोमन अक्षराच्या वर फारसं काही नसतं. आपल्याकडे ‘र्वां’ किंवा ‘र्कीं’ आलं की शिरोरेखेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांची दाटी, आणि ‘ष्ट्रु’ किंवा ‘द्ध्यू’ आलं की खाली तळघर. एरियलची नॉर्मल उंची फॉन्ट-साइजच्या साधारण १.१५ पट आहे. देवनागरीसाठी नीट बनवलेल्या फॉन्टची सहज दीडपटीच्या वर जाते. तुमच्या डिझायनरने १.१ हा आकडा रोमन मथळा डोळ्यांपुढे ठेवून दिला. तेवढ्या पेटीत ‘र्वां’ मावत नाही. नुसता मावला नसता तरी वर डोकावून दिसला असता, पण ओव्हरफ्लो हिडनने त्याचा गळाच कापला. मथळ्याला किमान १.४ द्या. हिडन ठेवायचंच असेल तर वरखाली थोडं पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा) द्या, छाटणी पॅडिंगच्या बाहेरच्या काठावर होते.

आता किंमत. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये आलं. त्याआधीच्या आणि नंतर कधीच न सुधारलेल्या फॉन्टांत ते नाही. अशा वेळी ब्राउझर ते एकटं चिन्ह तिसऱ्याच फॉन्टातून उचलतो. लाइन-हाइट नॉर्मल असेल तर या पाहुण्याची उंचीही ओळीच्या हिशेबात धरली जाते, आणि किंमत असलेली ओळ गुपचूप एकदोन पिक्सेलने फुगते. लाइन-हाइटला १.६ असा नुसता आकडा द्या. मग हिशेब फक्त पहिल्या उपलब्ध फॉन्टावर होतो, पाहुणे कितीही आले तरी ओळ हलत नाही.

हिंजवडी_शटल

खिळेकाका, हा ‘पहिला उपलब्ध फॉन्ट’ म्हणजे यादीतला पहिला ना?

जुना_खिळा

दर वेळी नाही. ज्या पहिल्या फॉन्टच्या युनिकोड-रेंजमध्ये (हा फॉन्ट कोणत्या अक्षरांसाठी वापरायचा त्या यादीत) स्पेसचं अक्षर येतं, तो. समजा तुम्ही आकड्यांना एक फॉन्ट आणि देवनागरीला दुसरा असं युनिकोड-रेंजने वाटून दिलंत आणि देवनागरीला फक्त ०९०० ते ०९७एफ एवढीच रेंज लिहिलीत, तर स्पेस त्यात नाही. तो यादीत पहिला असला तरी ओळीची पेटी रोमन फॉन्टाच्या मापाने बसणार. देवनागरी अक्षरं त्या पेटीत पाहुणी म्हणून राहणार, आणि वर किंवा खाली सरकल्यासारखी दिसणार. बटणात अक्षरं वर चिकटतात तेव्हा पुष्कळदा मूळ इथे असतं.

रेंज लिहिताना २००सी आणि २००डी हे दोन न दिसणारे जोडणारे-तोडणारेही घाला, शिवाय ₹ साठी २०बी९. ते राहिले तर जोडाक्षराच्या मधोमध फॉन्ट बदलतो आणि अक्षर फुटतं.

फ्लेक्सताई

बटणाचं आणखी एक कारण आहे. बटण, इनपुट, सिलेक्ट यांना पानाचा फॉन्ट वारशात मिळतच नाही. ब्राउझर स्वतःचा देतो, क्रोममध्ये तो १३.३३ पिक्सेलचा असतो. आकार जुळत नाही म्हणालात तो यामुळे. या तिघांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ लिहा. बटणाला ठरावीक उंची देऊ नका, वरखाली पॅडिंग द्या. ठरावीक उंचीत मजकूर मध्यावर बसवायचं काम प्रत्येक यंत्र आपापल्या फॉन्टच्या मापाने करतं.

पट्ट्यांमधली फट: दोन्ही पट्ट्या इनलाइन-ब्लॉक, म्हणजे ओळीत अक्षरासारखे बसणारे डबे, आहेत ना? मग ती फट म्हणजे एचटीएमएलमध्ये दोन टॅगांच्या मध्ये तुम्ही मारलेला एंटर आहे. कितीही एंटर आणि टॅब मारले तरी त्यांची मिळून एक स्पेस होते, आणि ती स्पेस फॉन्टाप्रमाणे कमीजास्त रुंद असते. १६ पिक्सेलच्या एरियलमध्ये चारेक पिक्सेल. पूर्वी लोक पालकाला फॉन्ट-साइज शून्य द्यायचे किंवा टॅगांच्या मध्ये कॉमेंट कोंबायचे. आता पट्ट्यांना एक वेष्टण द्या, त्याला डिस्प्ले फ्लेक्स आणि गॅप. फ्लेक्समधला गॅप सफारीत १४.१ पासून म्हणजे २०२१ पासून आहे, तिन्हीकडे बिनधास्त चालतो.

पण उत्साहाच्या भरात सगळ्या ओळीला फ्लेक्स करू नका. मजकूर असलेल्या डब्याला थेट फ्लेक्स लावलं आणि आत मध्येच कुठे ठळक अक्षरं असली की त्या वाक्याचे तुकडे होतात. ‘पाने २४० फक्त’ यात ‘२४०’ ठळक असेल तर तीन तुकडे तीन स्वतंत्र फ्लेक्स आयटम होतात, त्यांच्यामधल्या स्पेसा गळून पडतात आणि ‘पाने२४०फक्त’ दिसतं. वाक्य आधी एका स्पॅनमध्ये घाला, मग बाहेर काय हवं ते करा.

जुन्या_वळणाचा

हे वाचून आयई ६ (इंटरनेट एक्सप्लोरर) आठवला. इनलाइन-ब्लॉक चालावा म्हणून ‘झूम: १’ आणि तारांकन लावून ‘डिस्प्ले: इनलाइन’ लिहायचो. फक्त त्या म्हाताऱ्याला वाचता येईल अशा चुकीच्या स्पेलिंगच्या ओळी मुद्दाम लिहिलेल्या असायच्या. १५ जून २०२२ ला आयई ११ निवृत्त झाला तेव्हा आमच्या कंपनीत कोणीतरी खरोखर पेढे वाटले होते.

हिंजवडी_शटल

काकांनो, आठवणींचा धागा वेगळा काढा. 😀

घरी पोचलो. ‘सुप’चं सांगतो. ‘सुप’चं अक्षर वर उचललं जातं तेव्हा त्याची पेटीही वर जाते, आणि ओळीच्या पेटीला ती आत घ्यावी लागते म्हणून ओळ ताणते. हे तिन्ही ब्राउझरमध्ये होतं, किती ताणते ते फॉन्टवर. नॉर्मलाइझमध्ये यावर जुनी मात्रा आहे: ‘सुप’ला फॉन्ट-साइज ७५ टक्के, लाइन-हाइट ०, पोझिशन रिलेटिव्ह, व्हर्टिकल-अलाइन बेसलाइन आणि टॉप उणे ०.५एम (एम म्हणजे फॉन्ट-साइजएवढं माप). लाइन-हाइट शून्य झाली की ओळीची उंची ठरवताना त्याचा भार पडत नाही, आणि रिलेटिव्हने उचललेलं अक्षर फक्त दिसायला वर जातं, मांडणीत जागेवरच राहतं.

सदाशिवपेठी

मुळात ‘वी’ला माडीवर चढवायचं कारण काय? ‘दहावी’ लिहा. ओळही सरळ राहील आणि वाचणाराही.

कोथरूडचा_कोडर

काका, मला मान्य आहे. मालकांना नाही.

शटल, मात्रा लागू पडली. पण उणे ०.५एमवर ‘वी’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या ‘यु’च्या उकाराला टेकते.

जुना_खिळा

कारण तो आकडा रोमन अक्षरांसाठी काढलाय, त्यांच्या डोक्यावर वेलांटी नसते. उणे ०.३एमच्या आसपास आणा, आणि ‘वी’ची शिरोरेखा आकड्यांच्या माथ्याशी जुळतेय का एवढं डोळ्यांनी पाहा.

पिशवीच्या चिन्हाचं उत्तर कोणी दिलं नाही. त्याला व्हर्टिकल-अलाइन मिडल दिलंय ना? सीएसएसमध्ये ‘मिडल’ म्हणजे ओळीचा मध्य नव्हे. पालकाची बेसलाइन अधिक त्याच्या एक्स-हाइटचा अर्धा भाग, तिथे चिन्हाचा मध्य येतो. एक्स-हाइट म्हणजे छोट्या रोमन ‘एक्स’ची उंची. आता देवनागरी अक्षर पाहा. त्याचा भार वर आहे, शिरोरेखा सहसा त्या ‘एक्स’च्या डोक्याच्या बरीच वर असते. म्हणजे डोळ्याला दिसणारा मध्य वर आणि सीएसएसचा मध्य खाली. मराठी मजकुराशेजारी ठेवलेलं प्रत्येक चिन्ह घसरलेलं दिसतं ते यामुळे, आणि यात एकाही ब्राउझरचा दोष नाही. तिघेही नियमाप्रमाणेच वागतात, फक्त नियम लिहिताना मापाला ‘क’ नव्हता.

मिडल काढा. व्हर्टिकल-अलाइनला एममध्ये आकडा द्या, उणे ०.१एमपासून सुरुवात करून शिरोरेखा आणि पाया यांच्या मधोमध चिन्ह बसेपर्यंत. एम दिल्याने मोठ्या मथळ्यातही प्रमाण टिकतं. मात्र फॉन्ट सगळीकडे एकच असेल तरच हा आकडा सगळीकडे चालेल. म्हणून ‘वेबफॉन्ट नको’ या अटीवर मालकांशी पुन्हा बोला. मुक्तासारखा फॉन्ट दोन वजनांत, देवनागरीपुरता कापून आणि डब्ल्यूओएफएफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट-फाइल) मध्ये दिला तर तुमच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांपुढे त्याचं वजन काहीच नाही.

फ्लेक्सताई

मुखपृष्ठांवरून आठवलं. मुखपृष्ठाच्या चौकटीत चित्राखाली बारीक पांढरी पट्टी दिसत असेल तर घाबरू नका. चित्र हे इनलाइन असतं, ते अक्षरासारखं बेसलाइनवर उभं राहतं आणि खाली उकारांसाठी राखलेली जागा रिकामी दिसते. चित्राला डिस्प्ले ब्लॉक.

आणि रंगीत पट्टीला ओव्हरफ्लो हिडन दिलंय का? इनलाइन-ब्लॉकला ते दिलं की त्याची बेसलाइन आतल्या अक्षरांची न राहता डब्याच्या तळाची होते, मग ‘नवीन’ ही अक्षरं पुस्तकाच्या नावापेक्षा वर तरंगतात. हे नियमातच लिहिलंय. हिडन काढता येत नसेल तर पट्टीला व्हर्टिकल-अलाइन बॉटम द्या.

एक_वाचक

अगदी याच विषयातलं एक. आमच्या साइटवर शोधलेला शब्द ठळक करून दाखवतो. कोणी ‘पुस्तक’ शोधलं आणि पानावर ‘पुस्तकं’ असलं की ‘पुस्तक’ ठळक होतं आणि अनुस्वार एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसतो. हेही फॉन्टचंच का?

फ्लेक्सताई

नाही, हे तुमच्या टॅगचं. तुम्ही ‘क’ आणि अनुस्वार यांच्या मध्ये टॅग बंद केलात. ठळक आणि साधं हे दोन वेगळे फॉन्ट, त्यामुळे अक्षरं जुळवणारं यंत्र अनुस्वाराला एकटा पाहतं. त्याला बसायला अक्षर नाही म्हणून ते वर्तुळ पुरवलं जातं. नुसता पार्श्वरंग बदलला असता तर कदाचित फुटलंही नसतं, आणि हीच गोष्ट फसवी आहे: पिवळ्या रंगात सगळं नीट दिसतं, ठळक केलं की फुटतं.

उपाय: जुळलेला तुकडा जिथे संपतो तिथून पुढे अक्षर पुरं होईपर्यंत टॅग लांबवा. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे तुकडे पाडणारा इंटल.सेगमेंटर आहे, ग्रॅनुलॅरिटी ‘ग्राफीम’, म्हणजे एकेक पुरं अक्षर. क्रोम आणि सफारीत काही वर्षं आहे, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ च्या १२५ आवृत्तीत आला. जोडाक्षरांची मात्र खात्री करून घ्या. युनिकोड १५.१ च्या आधी, म्हणजे २०२३ पर्यंत, ‘क्ष’ नियमाप्रमाणे ‘क्’ आणि ‘ष’ असा दोन तुकड्यांत मोजला जायचा. १५.१ मध्ये जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आला, पण जुन्या मोबाइलवरचा जुना ब्राउझर जुनंच मोजणार. मी सेगमेंटरच्या उत्तरावर एक छोटी तपासणी ठेवते: तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा तुकडाही त्याला जोडायचा.

जुना_खिळा

याच कारणाने परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याच्या फंदात पडू नका. ‘स्वागत’मधला ‘स्व’ एका ठिकाणी अख्खा मोठा होतो, दुसरीकडे नुसता ‘स्’. आणि लेटर-स्पेसिंग! रोमन मथळ्यांना अर्धा पिक्सेल मोकळं करायची डिझायनर लोकांना हौस असते. आपल्याकडे त्याने शिरोरेखेचे तुकडे पडतात, शब्द न राहता एकेक अक्षर टांगलेलं दिसतं. ‘लँग एमआर’ असलेल्या सगळ्याला लेटर-स्पेसिंग शून्य असा एक नियमच लिहून ठेवा.

त्यासाठी आधी लँग ‘एमआर’ करा. तुमचं पान अजून स्वतःला इंग्रजी म्हणवतंय. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे लँग दिल्यावर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही मिळतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि सदाशिवपेठींचा फोन येतो.

सदाशिवपेठी

फोन नाही, पत्र येईल.

कोथरूडचा_कोडर

सगळ्यांचे आभार. मालक वेबफॉन्टला तयार झाले, मुक्ता दोन वजनांत लावला. लँग बदलली, लाइन-हाइट मजकुराला १.६ आणि मथळ्याला १.४. बटणांना इनहेरिट, पट्ट्यांना फ्लेक्स आणि गॅप, ‘वी’ उणे ०.३एमवर. ब्राउझर ओळखणारी फाइल अख्खी उडवली. विंडोज, मॅक आणि उबुंटूवर याद्या शेजारी लावून पाहिल्या, ओळींची उंची जुळते. अक्षरांच्या कडा थोड्या वेगळ्या दिसतात, ते चालेल.

आयफोनवर दोन गोष्टी उरल्या. फोन आडवा केला की काही ओळींची अक्षरं आपोआप मोठी होतात. आणि फॉन्ट उतरेपर्यंत आधी कोहिनूर दिसतो, मग मुक्ता येताना अख्खी यादी हलते. असेंट-ओव्हरराइड वापरून कोहिनूरला मुक्ताच्या मापात बसवायला गेलो, क्रोममध्ये पाहुण्या फॉन्टांना लागू पडतं, सफारी दाद देत नाही.

हिंजवडी_शटल

पहिल्याला ‘वेबकिट-टेक्स्ट-साइज-ॲडजस्ट: १०० टक्के’ एचटीएमएल टॅगवर. ‘नन’ लिहू नका, जुन्या सफारीत त्याने वाचणाऱ्याला झूमच करता येत नसे.

जुना_खिळा

असेंट, डिसेंट आणि लाइन-गॅपचे ओव्हरराइड क्रोममध्ये ८७ पासून, फायरफॉक्समध्ये ८९ पासून आहेत. सफारीने घेतलेले नाहीत. फॉन्टचा आकार टक्क्यांत कमीजास्त करणारं साइज-ॲडजस्ट तेवढं सफारी १७ मध्ये आलं, त्याने रुंदी बरीच जवळ आणता येते. उंचीची तुम्हाला चिंता नाही, १.६ चा आकडा ती धरून ठेवतो. यादी हलतेय ती उंचीमुळे नव्हे. लांब नाव एका फॉन्टात एका ओळीत मावतं आणि दुसऱ्यात दोन ओळींवर जातं, म्हणून हलतेय. साइज-ॲडजस्टचा आकडा काढताना सगळ्यात लांब नावाची पुस्तकं घेऊन बसवा, ‘गणित’ घेऊन नको.

नाहीतर सरळ फॉन्ट-डिस्प्ले ऑप्शनल करा. फॉन्ट वेळेत आला तर आला, नाही आला तर त्या भेटीपुरता कोहिनूरच राहील आणि मधेच काही हलणार नाही. पुढच्या पानापर्यंत फाइल कॅशमध्ये आलेली असते. रस्त्यात उभं राहून किंमत पाहणाऱ्या पालकाला मुक्ता की कोहिनूर याचं सोयरसुतक नसतं. फक्त बोट टेकवताना ओळ खाली सरकून भलतंच पुस्तक पिशवीत पडायला नको.

कोथरूडचा_कोडर

ऑप्शनल केलं, टेक्स्ट-साइजही टाकलं. आयफोन आडवा-उभा करून पाहिला, यादी हलत नाही. मालक आता म्हणतायत हीच यादी दुकानातल्या प्रिंटरवर ए४ मध्ये नीट यायला हवी.

फ्लेक्सताई

त्याला नवा धागा काढा. आणि येताना प्रिंटरचं मॉडेल घेऊन या.